डावी चप्पल आणि आठ बाय चारचा वाफा

घरामागच्या आठ फूट बाय चार फूट जागेत भाज्या लावायच्या, असं मी जाहीर केलं तेव्हा घरातून कोणीही विरोध केला नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता.

कुदळीचा पहिला घाव घातला. ठण्ण! कुदळ उसळून परत आली आणि झिणझिण्या मनगटातून थेट दाढेपर्यंत पोचल्या. जमिनीवर जेमतेम नखाएवढा ओरखडा. मग पहार आणली. तासाभरात वीतभर खाली गेलो तर मातीऐवजी इतिहास लागला. विटांचे तुकडे, अर्ध्या पोत्याच्या आकारात घट्ट झालेलं सिमेंट, वायरीचं वेटोळं आणि एक डावी चप्पल. बांधकाम संपल्यावर उरलंसुरलं सगळं इथेच पुरून वर दोन बोटं माती पसरलेली दिसत होती. उजवी सापडेल या आशेवर मी अर्धा फूट जास्तच खणलं.

माती ओळखायला बरणीचा प्रयोग असतो. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खदाखदा हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा म्हणजे तिच्याहून बारीक गाळ काही तासांत. चिकणमातीला मात्र एखादा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो, कारण तिचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. तिसऱ्या दिवशीही माझी बरणी गढूळच.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"माती बसायची वाट बघतोय."

"तूही बसलाच आहेस की."

चिकणमाती आहे ना, मग घाला वाळू! ही अक्कल माझी स्वतःची. चार घमेली वाळू कालवली, पाणी मारलं, चार दिवस ऊन खाऊ दिलं. वाफ्याची फरशी झाली. चिकणमातीचे कण वाळूच्या फटींत चपखल जाऊन बसतात. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळूच लागते, म्हणजे मग माती बदलल्यासारखंच झालं. पाहुण्यांना उभं राहायला जागा मात्र उत्तम झाली.

मग निचरा तपासला. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा आणि पुन्हा भरायचा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी उतरायला हवं. माझ्याकडे दुसरी वेळ आलीच नाही. सकाळी पाहिलं तर पहिलंच पाणी जागेवर, आणि एक चिमणी त्यात निवांत अंघोळ करतेय. तिच्या दृष्टीने काम झालं होतं.

पाऊस पडला, जमीन मऊ झाली, मी धावलो. ओली चिकणमाती खणू नये हे नंतर कळलं, तिची ढेकळं उन्हात दगड झाल्यावर. मूठभर माती दाबून अंगठ्याने टोचायची. भुगा झाला तर खणा, नुसता ठसा उमटला तर कुदळ ठेवा. माझ्या ठशावरून पोलिसांनी मला सहज ओळखलं असतं.

अखेर निमूटपणे शहाण्यासारखं वागलो. पूर्ण कुजलेल्या शेणखताचा तीन इंची थर वरच्या सहा-आठ इंच मातीत मिसळला. ताजं शेण मुळं जाळतं. फुकट मिळालेला लाकडाचा भुसा मिसळायचा मोहही आवरला, कारण तो कुजताना मातीतलं नत्र म्हणजे नायट्रोजन स्वतःच खाऊन बसतो. वर पालापाचोळा पसरला. वाफ्यात पाय ठेवायचा नाही, माती दबते. रुंदी चार फूट ती यासाठीच, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. माझा पोचला. तोल मात्र राहिला नाही. वाफ्याच्या मध्यभागी माझ्या दोन्ही गुडघ्यांचे ठसे अजून आहेत.

दोन महिन्यांनी पाला बाजूला केला तर खाली एक गांडूळ! मी सगळ्या घराला हाक मारली. सगळे वाकून बघत असताना त्याने डोकं वर काढलं, जरा इकडेतिकडे केलं आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाची वाट धरली.

मी त्याला उचलून परत आणलं. दोनदा.