खुलासा: ‘दारू नाही, म्हणून केस नाही’ हे खोटं आहे

बीड-लातूरकडच्या ड्रायव्हर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: ‘कायदा फक्त दारूला आहे. गांजा, गोळ्या मशीनमध्ये येत नाहीत, केस होत नाही.’

साफ चूक. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ अमली पदार्थांनाही लागू आहे. दारूसाठी १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नशेच्या पदार्थाला तसा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल असला, की गुन्हा झाला. फुंकायच्या मशीनमध्ये गांजा दिसत नाही, एवढंच खरं. पण रक्ततपासणीत सापडतो. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या असताना असल्या मेसेजवर विसंबणं जिवावर बेतेल, बाबांनो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद २ वर्षांपर्यंत.