दार थोडं उघडं ठेव

आमच्या मिरजेच्या चर्चच्या मंडळीत तीन आठवडे वाद चाललाय आणि मला त्यात साक्षीला बोलावलंय. तरुण संघाला 1 डिसेंबरपासूनच नाताळच्या गाण्यांची फेरी काढायची आहे. टेम्पो, त्यावर भाड्याचे मोठे स्पीकर, रोज संध्याकाळी शहराचा एक भाग. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तो वाट पाहण्याचा आणि प्रार्थनेचा. गाणी काय ती चोवीसच्या रात्रीपासून म्हणा. पाळकसाहेब दोघांच्या मध्ये सापडलेत. अशात माझ्या आतेभावाने ग्रुपवर लिहिलं, "आमची ताई जर्मनीत असते, तिला विचारा. तिकडे डिसेंबरात कशी शांतता असते ते ती सांगेल."

सांगते. पण त्याला हवी आहे तशी सगळी साक्ष माझ्याकडून निघायची नाही.

मी श्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, यंदा नववं वर्ष. आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात होती, डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या. त्यामुळे पाळ्या, औषधांची ट्रॉली, रात्रीचा वॉर्ड हे मला घरातूनच माहीत. तिथे आईला सगळे सिस्टर म्हणायचे, इथे मला श्वेस्टर म्हणतात. अर्थ तोच, बहीण.

इथे आगमनकाळ लागतो तेव्हा दुपारी साडेचारलाच अंधार पडलेला असतो. रविवारी दुकानं बंद. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यावर मोठ्या पेट्या असतात, त्यांतही रविवारी बाटली टाकायची नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. पिशवीभर बाटल्या घेऊन गेले, दोन टाकल्या, तर समोरच्या घरातल्या आजोबांनी खिडकी उघडली आणि न रागावता, नुसता हात हलवून 'नको' म्हटलं. उरलेल्या बाटल्या घेऊन मी घरी आले. तेव्हा मला वाटलं, ही माणसं मुळातच शांत. आतेभावाला आज वाटतं तेच.

तसं नाहीये. इथली शांतता भांडून राखलेली आहे. रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, हे कलम जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेत होतं आणि 1949 च्या घटनेत ते तसंच ठेवलं गेलं. तरीही बर्लिन राज्याने 2006 साली कायदा करून आगमनकाळाच्या चारही रविवारी दुकानं उघडायला मोकळीक दिली. दिवस खरेदीचे, व्यापाऱ्यांचा धंदा होतो, गिऱ्हाइकांचीही सोय. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही चर्च घटना न्यायालयात गेली आणि 1 डिसेंबर 2009 रोजी न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. लागोपाठ चार रविवार बाजाराला देता येणार नाहीत, असा तो निकाल. लागला तोही आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात. आणि एवढं करूनही ऑगस्ट सरता सरता इथल्या दुकानांत लेबकूखन, म्हणजे नाताळचे मसालेदार केक, मांडलेले दिसतात. नाताळ ओढून अलीकडे आणायची घाई एकट्या आपल्या तरुण संघाला नाही.

इथल्या घराघरांत टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं असतं, त्यावर चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. ही रीत हँबर्गची. योहान हिनरिश विशर्न नावाचे पाळक तिथे गरीब, निराधार मुलांचं वसतिगृह चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? मग 1839 साली त्यांनी गाडीचं एक चाक घेतलं, चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या त्यावर बसवल्या आणि मधल्या वारांच्या छोट्या तांबड्या. रोज एक लावायची. मला ही गोष्ट फार आवडते, कारण चाक माझ्या ओळखीचं आहे. आमच्या मामाच्या गोठ्याला असं एक मोडकं चाक वर्षानुवर्षं टेकून उभं होतं. आणि विशर्न यांनी पोरांना गप्प बसवलं नाही. वाट पाहण्यात त्यांना रोजचं एक काम दिलं.

आमच्या आश्रमात खऱ्या मेणबत्तीला मनाई आहे, आगीच्या भीतीने. सेलवरच्या असतात, बूड फिरवलं की लागतात. गेल्या वर्षी पहिल्या रविवारी मी एक्याण्णव वर्षांच्या एका आजींच्या खोलीत कडं नेऊन ठेवलं. बाहेर काळोख, खोलीत त्या एकट्या, म्हणून मी चारही लावल्या. म्हटलं, बिचारीला जरा उजेड. आजींनी हात पुढे केला. त्यांच्या बोटांना सांधेदुखीने गाठी आल्या आहेत, चमचा धरतानाही हात कापतो. त्या बोटांनी त्यांनी एक मेणबत्ती उचलली, बूड फिरवायला धडपडल्या, विझवली, जागेवर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. चांगली पाच मिनिटं लागली असतील. मी मदतीला हात लावला तर त्यांनी तो बाजूला सारला. शेवटी एकच उरली तेव्हा म्हणाल्या, "अजून नाही."

इथपर्यंतची गोष्ट आतेभावाच्या बाजूची आहे.

त्याच रात्री मी त्यांचं पांघरूण नीट केलं, दिवा मालवला आणि दार ओढून घ्यायला लागले. आजी म्हणाल्या, "श्वेस्टर, दार थोडं उघडं ठेव. ताटल्यांचा आवाज येऊ दे." आमच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर त्यांच्या खोलीपासून चार पावलांवर. रात्री तिथे भांडी आवरतात, काटेचमचे खणखणतात, कोणीतरी हसतं. आजींना ते हवं होतं. रविवारी इथे दुकान बंद, रस्ता ओस, आणि अख्ख्या आगमनकाळात त्यांना भेटायला एकदाच कोणी आलं होतं. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत हे किती बरं आहे. एक शांतता, आणि एक सामसूम. आजींच्या खोलीत सामसूम होती. आतेभावाला जी शांतता दिसते तिच्यात अशा सामसूम खोल्या पुष्कळ आहेत, आणि त्या मी रोज रात्री एकेक करून बंद करते.

म्हणून कोणी मला म्हणालं, तिकडून शांतता आणा, तर मी विचारेन, कुठली?

पण गोंगाटाची बाजूही मला घेता येत नाही. चार वर्षांपूर्वी वडील गेले, त्याआधी सहा दिवस ते मिरजेतल्याच एका दवाखान्यात होते. मी रजा काढून आले होते. तिसऱ्या रात्री खालच्या रस्त्याने मिरवणूक आली, डॉल्बी लावून. कुणाची, कशाची, ते लिहीत नाही, कारण आपल्याकडे डॉल्बीला धर्म उरलेला नाही. ती सगळ्यांची आहे, आणि गेली दोन वर्षं आपल्या मंडळीतल्या पोरांनाही हवी आहे. खिडकीची काच थडथडत होती. सलाईनच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं, ते मी पाहत होते. वडील मला काहीतरी सांगत होते. ओठ हलताना दिसले, ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?" असं मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी मान फिरवली. मिरवणूक पुढे गेल्यावर विचारलं तेव्हा त्यांना झोप लागली होती.

कायदा आपल्याकडेही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दवाखान्याभोवतीचं किमान शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, रात्री तिथली मर्यादा 40 डेसिबल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार सवलत देऊ शकतं ती वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि तीही बारापर्यंत. कागदावर आपण कुणापेक्षा मागे नाही.

तरुण संघाची बाजूही सांगायला हवी, कारण ग्रुपवर तिला नीट उत्तर कोणी दिलेलं नाही. संघातल्या एका मुलीने लिहिलं होतं, "आपण मूठभर आहोत. गणपतीत अख्खं शहर गणपतीचं असतं, उरुसात उरुसाचं. वर्षातून एकदा तरी आपण आहोत हे लोकांना कळू दे." हे वाचून मी थांबले. हे पोरकट नाही. मूठभर असणं काय असतं हे मला इथे आल्यापासून जास्तच कळतं. या गावात मराठी बोलणारी मी एकटी आहे. कधी कधी वाटतं, रस्त्यात उभं राहून मोठ्याने काहीतरी मराठीत ओरडावं.

पण बाळा, तुझ्या वयाची असताना आमची फेरी चालत निघायची. पेटी गळ्यात, ढोलकी, दोन टाळ, एक कंदील. दारासमोर थांबायचं, दोन गीतं म्हणायची, प्रार्थना करायची, पुढचं दार. शेजारच्या मुसलमान काकू आम्ही यायच्या आधीच चहाचं आधण ठेवायच्या. समोरचे गुरुजी भजनाच्या चालीतलं गीत आलं की खुर्ची बाहेर आणून बसायचे. आपण आहोत हे त्यांना कळत होतं, कारण आपण दारात थांबत होतो. टेम्पो थांबत नाही. तो आवाज घेऊन पुढे जातो, आणि दारातल्या माणसाला कोण आलं होतं हेही दिसत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी शेवटच्या वर्षांत शेजारच्याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा मांडला. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून आणि भजनांतून गायली, लोकांच्या ओळखीच्या चालीत. ती वाट आपली आहे. भाड्याने आणायला लागत नाही.

आता शांततेचं. त्यासाठी जर्मनीपर्यंत यायची गरज नाही, आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यापर्यंत गेलं तरी पुरे. मोहित्यांचे वडगाव. लॉकडाउनमध्ये शाळा मोबाईलवर गेली आणि नंतरही पोरं मोबाईलमधून बाहेर येईनात, तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला लोकांनी मनावर घेतलं नाही. मग अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. साडेआठला पुन्हा भोंगा. याला कोर्ट लागलं नाही. आणि हे सामसूम नव्हे, कारण त्या दीड तासात सगळी घरं एकाच वेळी गप्प असतात आणि प्रत्येकाला माहीत असतं की शेजारीही तसाच बसलाय. विशर्न यांच्या चाकात आणि या भोंग्यात मला काही फरक दिसत नाही.

आपल्या मंडळीने हेच करावं असं माझं मत आहे, आणि मी ते आग्रहाने मांडते. आगमनकाळाचे पहिले तीन आठवडे, रोज संध्याकाळी सातला, चर्चची घंटा. वाजवायची जबाबदारी तरुण संघाची, कारण वेळ त्यांच्या हातात असली तरच ती त्यांची होईल. अर्धा तास घरातले टीव्ही, मोबाईल बंद. एक मेणबत्ती, एक वचन, आणि बाकी वेळ नुसतं एकत्र बसायचं. ज्या घरात एकच म्हातारं माणूस आहे तिथे संघातल्या दोघांनी जाऊन बसायचं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मिरजेतही आता अशी घरं कमी नाहीत, पोरं पुण्याला, दुबईला, माझ्यासारखी जर्मनीला. मग चौथ्या रविवारपासून फेरी, चालत, पेटी-ढोलकीवर. दवाखान्याच्या रस्त्याला फक्त कंदील न्यायचा, गायचं नाही.

वडीलधाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. "वाट पाहा" असं नुसतं म्हणून भागत नाही. याकोबाच्या पत्रात धीर कसा धरावा हे सांगताना शेतकऱ्याचा दाखला आहे, तो जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो. आगमनकाळात हा भाग वाचला जातो तेव्हा मला मामाची हळद आठवते. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली, काढायची जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरात पाला पिवळा पडायला लागतो. तेव्हा मी लहानपणी एकदा हाताने माती उकरून गड्डा किती झालाय ते बघायला गेले होते. मामाने मला मारलं नाही की ओरडला नाही. खुरपं हातात दिलं आणि शेजारच्या सरीतलं तण काढायला बसवलं. दिवसभर बसवलं, आणि स्वतःही माझ्याबरोबर बसला. पोरांना धीर धरा म्हणणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर सरीत बसायला पाहिजे. रोज सातला, पहिल्या ओळीतल्या खुर्च्या सोडून.

मिरजेत सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात इथे दुपारचे अडीच झालेले असतात. माझी दुपारपाळी दीडला सुरू होते, आणि अडीचला आजींच्या गोळ्यांची वेळ. घंटा ठरली तर मला तारीख कळवा. त्या वेळी मी फोन कपाटात ठेवीन आणि गोळ्या दिल्यावर दहा मिनिटं त्यांच्या पलंगाशेजारी बसेन. यंदाचं कडं कालच आणून ठेवलंय, चारही विझलेल्या आहेत. पहिली या वर्षी आजींनीच लावायची, असं आमचं ठरलंय. दार उघडं असेल.