हलका फोर्क म्हणजे वेगवान फोर्क? एक खुलासा

क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे माउंटन बाइकच्या चढ-उताराच्या शर्यतीसाठी, फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) निवडताना फक्त ग्रॅम बघा, सर्वांत हलका तोच सर्वांत वेगवान, असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

2020 मध्ये रॉकशॉक्स या कंपनीने आणलेल्या दोन फोर्कच्या जोडीचंच बघा. 32 मिमी व्यासाच्या नळ्यांचा, 100 मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तितका दबणारा) सिड एसएल सुमारे 1330 ग्रॅमचा. 35 मिमी नळ्यांचा, 120 मिमीचा सिड सुमारे 1540 ग्रॅमचा. फरक दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या बाटलीपेक्षाही कमी. पण भिंतीची जाडी सारखी धरली, तर 35 मिमीची नळी वाकायला सुमारे 30 टक्के अधिक ताठ. दगडांतून उतरताना, जोरात ब्रेक दाबल्यावर पुढचं चाक आखलेल्या रेषेवर राहतं ते या ताठपणामुळे. वजनदार सायकलस्वाराला तर हे फारच जाणवतं. गुळगुळीत, चढाच्या मार्गावर मात्र हलका फोर्क खुशाल घ्या.

जाहिरातीतले आकडे ताडतानाही जपा: स्टीअरर (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी वरची नळी) किती कापलाय, ॲक्सल (चाकाचा आस) वजनात धरलाय का, हे आधी पाहा.

आणि 100 च्या जागी 120 मिमीचा फोर्क बसवण्याआधी फ्रेमची मर्यादा तपासाच. फोर्क उंच झाल्याने हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन) साधारण एका अंशाने कमी होतो.