अपडेट अडले म्हणजे व्हायरसच, असे नाही

आमच्या डिचोलीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: ‘अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट एकाच वेळी बंद पडले, म्हणजे व्हायरस शिरला, लगेच फॉरमॅट करा.’ कृपया घाई करू नका. आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा.

पावसात गडगडाट सुरू झाला की आपण प्लग काढतो, तो कधी कधी चवथीपर्यंत तसाच राहतो. संगणकाच्या मुख्य बोर्डावरचा (मदरबोर्ड), वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल जुना असेल तर तेवढ्यात घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. अपडेटचा सर्व्हर ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो, त्याला ठरावीक मुदत असते. घड्याळात २०१५ असेल तर संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही, म्हणून तो जोडणी नाकारतो. तारीख सुधारा, सेल बदला. फॉरमॅटमध्ये गेलेले मुलांचे फोटो सहसा परत मिळत नाहीत, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

तारीख बरोबर आहे, बाकी साइट उघडतात आणि फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्याच उघडत नाहीत, तर मात्र संशय रास्त आहे. २००८ मध्ये पसरलेला कॉन्फिकर नावाचा व्हायरस नेमके हेच करायचा. अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून व्हायरस शोधणारा प्रोग्राम (स्कॅनर) उतरवून घ्या आणि तपासणी करा.