देवळाला ऑइलपेंट काहून लावता, बाप्पा?

सकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ. खांब चंदेरी, चौकट सोनेरी, सांध्यांत सिमेंटच्या जाड पट्ट्या. खाली लिहिलं, "देऊळ कसं चमकून राह्यलं पाहा!" आणि अंगठ्यांचा पाऊस.

अरे, त्या सांध्यांत मुळात काही भरायचंच नसते! ही देवळं गाऱ्याविना उभी आहेत. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी कूस आणि वरून वजन. छतात चौकोनाच्या कोपऱ्यांवर आडवे दगड टाकत तोंड लहान करत नेलं आणि शेवटी एक शिळा ठेवली. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ याच घराण्यातलं. या रीतीचं नाव हेमाद्रीवरून हेमाडपंती पडलं, पण हा हेमाद्री यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री आणि अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं. म्हणजे रीत त्याच्याही आधीची.

उघड्या सांध्यातून पाणी येते तसं निघूनही जाते. सिमेंटनं तोंड बुजवलं की ते आतच मुरते, मग दगडातून वाट काढते. सोबत सिमेंटमधले क्षार आणते, ते पृष्ठभागापाशी वाळून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. खारपाणपट्ट्यातल्या, जमिनीखाली खारं पाणी असलेल्या आपल्या भागातल्या माणसाला मीठ भिंतीचं काय करते हे मी काय सांगू? तिथं तर माल कालवायलाही बोअरचंच पाणी. वरून ऑइलपेंट, म्हणजे उरलेली ओलही कोंडली. तो पोपडा निघतो तेव्हा एकटा निघत नाही. फोटोतल्या त्या द्वारपालाचं नाक सोबत घेऊन जाईल.

छत गळत होतं म्हणून हे केलं, मान्य.

पण गळतीचं औषध वर असते, खांबावर नाही. आधी छतावरचा पिंपळ पाहा. उपटू नका, मुळासोबत दगड सरकतात. बुडाशी कापा आणि मूळ जागेवरच मारा. मग छतावर चुन्याचा थर. कळीचा चुना टाक्यात विझवायचा (उकळतो, डोळे सांभाळा), महिनाभर पाण्याखाली ठेवायचा, गाळायचा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू आणि विटेची सुरकी (म्हणजे विटेचा चुरा) मिळून. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, तडकतो. दहा दिवस ओलं गोणपाट. काम दिवाळीनंतर धरा. मे महिन्यात चुना पकडायच्या आधीच सुकून भुगा होतो. सिमेंट मूठभरही नको. देऊळ संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हातच लावू नका.

आणि चौथऱ्याभोवती पेव्हर ब्लॉक टाकून अंगण वर उचलू नका. पाणी गाभाऱ्याकडे वळते, पायात मुरते, आणि खाली आपली काळी माती, पावसात फुगणारी अन् उन्हाळ्यात भेगाळणारी.

वर्गणी देणाऱ्यांवर राग नाही माझा. कापसाच्या पैशातून दिली असेल लोकांनी, देवासाठी. म्हणूनच जीव तुटते.

फोटोत डावीकडचे दोन खांब अजून काळे आहेत. ब्रश ज्याच्या हाती असेल त्या भावानं ते तसेच ठेवावे. रंगवलेल्यांना ग्रायंडर, ॲसिड लावू नये. जाणकार येईपर्यंत थांबा.