हंड्यातल्या हवेचं भाडं

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी भांड्यावर टिचकी मारतं. आवाज ऐकतं, उचलून वजन जोखतं, उलटं करून बूड बघतं, मग आणखी पाच भांडी काढायला लावतं आणि शेवटी पहिलंच घेऊन जातं. नाशिकच्या भांडी बाजारात खरेदी म्हणतात ती हीच. यातली टिचकी वेबसाइटवर कशी आणायची, या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे. दुकान सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. वेबसाइट मात्र एका संध्याकाळी अचानक माझी झाली.

झालं असं की, 2027 चा सिंहस्थ जवळ आला आणि सूनबाईला कॉम्प्युटर येतो, या दोन गोष्टींची अण्णांच्या मनात सांगड बसली. मला कॉम्प्युटर येतो म्हणजे मी बी.कॉम. करताना टॅली शिकले. "टॅली येतं तिला गूगल काय अवघड?" असं म्हणून अण्णांनी गल्ल्याखालून एक चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर पासवर्ड होता आणि मागच्या बाजूला कुणाची तरी उधारी.

वेबसाइट होती, हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. गूगलला तर नव्हतंच. नात्यातल्या एका मुलाने ती बारावीच्या सुट्टीत करून दिली होती. उघडली की घंटा वाजायची. मग रामकुंडाचे फोटो एकामागून एक सरकायचे आणि ते सरकून संपेपर्यंत भांडं एकही दिसायचं नाही. प्रत्येक पानाला एक शीर्षक द्यायचं असतं, शोधणाऱ्याला निकालात बहुधा तेच दिसतं. आमच्या सगळ्या पानांचं शीर्षक 'होम'. समई, होम. घंघाळ, होम. पाणी तापवायचा बंब, तोही होम. अण्णांना यात काही खटकलं नाही. "घरगुतीच वस्तू आहेत ना?" ते म्हणाले.

त्याच सुमारास रोज सकाळी फोन यायला लागले. "सर, तुमची वेबसाइट गूगलवर एक नंबरला आणून देतो, गॅरंटी." एक नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शक पानावर लिहून ठेवलंय. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. अण्णांनी आपला फोन काढला, दुकानाचं संपूर्ण नाव, गल्ली आणि 'नाशिक' असं टाकलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. "आलो की पहिले!" आपलंच नाव टाकल्यावर आपणच येणार, हे मी किती प्रकारे समजावलं! त्यांनी ते उदार मनाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधून पाहिलं. पुढे आकडेवारी दिसायला लागली, तेव्हा नाशिकहून रोज सकाळी न चुकता येणारा एक निष्ठावान पाहुणा तिच्यात सापडला. तो कोण, हे मी एक्सपर्टला सांगितलं नाही. तो खूश होता.

एक्सपर्ट म्हणजे वेबसाइट गूगलवर वर आणण्याचं काम दिलेला, कॉलेज रोडवर ऑफिस असलेला एक तरुण. तो अण्णांना अंकल म्हणायचा, अण्णा त्याला बाळा म्हणायचे आणि दोघंही एकमेकांच्या वयाकडे पाहून गप्प बसायचे. पहिल्याच आठवड्यात त्याने हंड्याची माहिती लिहून आणली. "नाशिकमध्ये तांब्याचा हंडा शोधत असाल, तर नाशिकमधील आमचा तांब्याचा हंडा हा नाशिकमधील उत्तम तांब्याचा हंडा आहे." अण्णांनी चष्मा काढला. "काय गं, हा मुलगा अडखळतो का?" पानाच्या पोटात तर त्याने लपवून कीवर्ड्सची, म्हणजे लोक शोधताना टाकतात त्या शब्दांची, आणखी एक माळ घातली होती. अशा लपवलेल्या माळेकडे, म्हणजे कीवर्ड्स मेटा टॅगकडे, आपण क्रमवारीसाठी बघत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलेलं. तेव्हा हा बाळ शाळेत असावा, म्हणून मी फार बोलले नाही.

मग फोटो. तांब्या-पितळेचा फोटो काढणं ज्याला सोपं वाटतं, त्याने एकदा घासून लख्ख केलेल्या कळशीसमोर कॅमेरा धरावा. कळशी दिसत नाही, कॅमेरा धरणारा दिसतो. आम्ही जागा बदलली, दिवा बदलला, पांढरी चादर लावली. चादरीमुळे हंडा स्टीलचा दिसायला लागला. शेवटी दुपारच्या उजेडात दुकानाच्या दाराशी फोटो चांगले आले. ते वेबसाइटवर चढवल्यावर, मोठं करून पाहायची सोय होती म्हणून नणंदेने पुण्याहून बंब मोठा करून पाहिला. बंबाच्या पोटात बनियनवर बसलेले अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. बातमीचा मथळाही वाचता येत होता. प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन जोडावं लागतं, ज्यांना दिसत नाही त्यांना ते वाचून दाखवलं जातं आणि गूगललाही फोटोत काय आहे ते कळतं. खरं वर्णन लिहायचं तर काय लिहायचं, हा पेच मला पडला. अण्णा म्हणाले, "मालकासह, असं लिही."

पुन्हा फोटो काढले. ते आठ-आठ एमबीचे, त्यामुळे पान उघडेना. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, अशी गूगलची अपेक्षा. ते सगळे फोटो वेबपी नावाच्या प्रकारात बारीक करून घातले, घंटा काढली, रामकुंड काढला. रामकुंड काढल्याबद्दल सासूबाई दोन दिवस कमी बोलल्या.

खरी लढाई किमतीवर झाली. वेबसाइटला प्रत्येक वस्तूची एक किंमत लागते. ती आणि माल आहे की नाही, ही माहिती नीट साच्यात भरली तर गूगल निकालातच दाखवू शकतं. एक्सपर्टने विचारलं, "अंकल, हा हंडा केवढ्याला?"

"कालच्या भावाने की आजच्या?"

"फायनल सांगा."

"वजनावर आहे, बाळा."

"मग वजन किती?"

"कुठल्या हंड्याचं?"

ठोक्याचं काम हाताचं. एक हंडा साडेतीन किलोचा उतरतो, शेजारचा पावणेचारचा, आणि दोन्ही एकाच तांबटाने एकाच दिवशी ठोकलेले. एक्सपर्टचं म्हणणं, सरासरी काढू. अण्णांनी आयुष्यात कधी सरासरी हंडा विकलेला नव्हता. अखेर एकाच पानावर वजनांची यादी दिली आणि वर लिहिलं, 'आपले वजन निवडा'. सासूबाईंनी ते पाहून विचारलं, "हंड्याला माझं वजन कशाला लागतंय?" मग 'हंड्याचे वजन निवडा' असं केलं. इतक्या पैशांच्या कामात ही एक दुरुस्ती फुकट झाली. राहता राहिली मोड. जुनी भांडी घालून नवी न्यायची, हा आमचा निम्मा धंदा, आणि ऑनलाइन टोपलीत आजीचं चेपलेलं पातेलं टाकायला जागा नाही. तिथे आता 'मोड आहे? फोन करा' असं बटण आहे. एक्सपर्टला ते बटण दिसलं की अजून त्रास होतो.

ऑर्डरी येऊ लागल्या, म्हणजे येता येता राहू लागल्या. लोक टोपली भरायचे आणि पसार व्हायचे. जगभरात ऑनलाइन टोपल्यांपैकी सुमारे 70 टक्के अशाच सोडून दिल्या जातात, असं बेमार्ड इन्स्टिट्यूटची आकडेवारी सांगते, आणि शेवटी अंगावर येणारा जादा खर्च हे त्यामागचं मोठं कारण. अण्णांना नवल वाटलं नाही. "आपल्याकडे काय वेगळं आहे? 'गंगेवर जाऊन येतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक कधी परत आलंय?" पण आमचा जादा खर्च पाहून मीच टोपली सोडून दिली असती. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात, बहुधा 5000 ने भागतात, आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असलं की त्यावर पैसे लावतात. हंड्याचं खोकं तिन्ही बाजूंनी 40 सेंटीमीटर धरा. हिशेब येतो 12.8 किलो. हंडा साडेतीन किलोचा. उरलेले नऊ किलो कसले?

"हवा," मी म्हणाले.

अण्णा बराच वेळ हंड्यात बघत राहिले. मग उठले, हंड्यात कळशी ठेवली, कळशीत तांब्या, तांब्यात लोटी, लोटीत निरांजन, आणि उरलेल्या फटीत पळी खोचली. "घाल खोक्यात. हवेचे पैसे कशाला द्यायचे?" 'रुखवताचा संच' हे आमचं सगळ्यात जास्त खपणारं पान असं जन्माला आलं. त्याला एक्सपर्ट बंडलिंग स्ट्रॅटेजी म्हणतो आणि आपल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगतो.

त्याची स्वतःची युक्ती वेगळी होती. हंड्याखाली लाल अक्षरांत 'फक्त 2 शिल्लक' आणि उलटं धावणारं घड्याळ. माळ्यावर छताला टेकेल एवढा माल पडलेला. अशा खोट्या घाईला 2023 पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे, गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या 13 युक्त्यांच्या, म्हणजे डार्क पॅटर्नच्या, यादीतलं ते एक. पण सूचना वाचून दाखवायची वेळच आली नाही. अण्णांना राग वेगळ्याच कारणाने आला. "दोनच शिल्लक लिहिलंस तर बाजारात काय म्हणतील? अण्णांकडे माल नाही?"

आता रोज सकाळचा प्रश्न ठरलेला, "आज किती आलं?" गोदावरीला पूर आला की भांडी बाजारात सगळे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी त्याच्या कुठपर्यंत चढलं त्यावर माल माळ्यावर टाकायचा की नाही ते ठरतं. अण्णा वेबसाइटवर येणाऱ्यांचा आलेखही तसाच विचारतात. गुडघ्याला लागलं का? कंबर? एका सोमवारी मी म्हणाले, "अण्णा, आज छातीपर्यंत आहे." ते चप्पल घालून दुकानात निघालेच.

ते सगळं पाणी एकाच पानावर आलं होतं. एका रिकाम्या दुपारी अण्णांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं टाइप केलं होतं. चिंच आणि मीठ लावून तांबं कसं घासायचं, ताक किंवा आमटी बिनकल्हईच्या पितळेत का ठेवायची नाही, आंबट पदार्थ धातूशी कसा खेळतो, कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो तो कशासाठी, आणि कथील कापसाच्या बोळ्याने फिरवताना हात कसा चालला पाहिजे. गल्ल्यावर बसून जन्मभर जे फुकट सांगत आले, तेच. यात कीवर्ड कुठे आहे, असं एक्सपर्टने विचारलं होतं. सर्च कन्सोल या गूगलच्याच सोयीत, लोकांनी काय टाइप केलं ते दिसतं. 'पितळ काळे पडले उपाय', 'कल्हई कुठे करून मिळेल', 'आजीचा बंब गळतो'.

परिणामी दुकानाचा फोन आता भांडी घेणाऱ्यांपेक्षा भांडी घासणाऱ्यांचाच जास्त येतो. बहुतेकांनी ती दुसरीकडून घेतलेली. अण्णा प्रत्येकीला अर्धा तास देतात, वर "आवाज ऐकवा बरं" म्हणून फोनवरून टिचकी मारायला लावतात आणि भांडं कितपत जाड आहे ते सांगतात. त्यातल्या काही जणी नंतर रुखवताचा संच मागवतात, काही नुसत्याच धन्यवाद म्हणतात. मॅपवरून दुकान शोधत येणारे वेगळेच. "मॅडम, मॅप म्हणतो पोहोचलात, पण रिक्षा पुढे जाईना." पार्किंग नाही म्हणून एकाने एकच तारा दिलाय. अण्णांनी त्याला उत्तर लिहिलं, 'आम्हालाही नाही.'

आणखी एक. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. अण्णांनी माझं दिलं. पहिली तक्रार परवा आली, वेबसाइटवरचा फॉर्म रीतसर भरून. विषय: सोफा. तपशील: हॉलमध्ये सगळीकडे खोकी आणि फुगेवाला प्लास्टिक, बसायला जागा नाही, पाहुणे येणार आहेत. तक्रारदाराचा पत्ता आमचाच, मागच्या खोलीतला. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते, ती मी स्वयंपाकघरात जाऊन दिली. निवारणाला कायद्याने एक महिना मिळतो.