आशा नको, पण ऑक्टोबर आवर

क्लीव्हलँडला राहायला जातोय म्हटलं की लोक थंडीबद्दल बजावतात. एरी सरोवरावरून वारा येतो, बर्फ पडतो, गाडीत फावडं ठेवा, टायर बदलून घ्या. हे सगळं खरं आहे आणि त्यावर उपायही आहेत. ज्यावर उपाय नाही ते मात्र कोणी सांगत नाही. या गावात अमेरिकन फुटबॉलचा एक संघ आहे आणि बेसबॉलचा एक, आणि इथे घर घेतलं की हप्त्यांबरोबर हे दोघेही गळ्यात पडतात. मी सुरुवातीला त्यांच्या वाटेला जात नव्हतो. पण सोमवारी सकाळी ऑफिसात सगळे सुतकी चेहऱ्याने कॉफी ओतत असतात, आणि कारण माहीत नसलेला माणूस एकटाच हसतमुख फिरतो. ते बरं दिसत नाही. म्हणून बघायला लागलो.

इतकी वर्षं बघितल्यावर माझं एक ठाम मत झालंय आणि ते गावात कोणालाच पटत नाही. सगळे ब्राउन्सना, म्हणजे फुटबॉलवाल्यांना, शिव्या देतात आणि बेसबॉलवाल्या गार्डियन्सना गुणी पोरं म्हणून डोक्यावर घेतात. मी म्हणतो, ब्राउन्ससारखा सज्जन संघ नाही. त्यांनी मला कधी फसवलं नाही. जे काही दुखवलं ते गुणी पोरांनी.

आता ब्राउन्सचं बघा. अजिंक्यपद शेवटचं मिळालं 1964 साली, बाल्टिमोरच्या कोल्ट्सना 27-0 असं धुऊन. शेजारचे आजोबा तेव्हा शाळकरी होते, वडिलांचा हात धरून ती मॅच बघायला गेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, सुरू झाला आणि ब्राउन्स तिथे आजतागायत पोचलेले नाहीत. असे संघ एकंदर चारच आहेत आणि त्यातले दोन तर 1995 मध्ये किंवा त्यानंतर मैदानात उतरलेले. ऐंशीच्या दशकात ते दाराशी जाऊन आले, पण एकदा जॉन एल्वे नावाच्या माणसाने शेवटच्या मिनिटांत 98 यार्ड कापत नेऊन सामना ओढला, आणि पुढच्याच वर्षी आमच्या अर्नेस्ट बायनरच्या हातून गोलरेषेशी चेंडू निसटला. या दोन प्रसंगांना इथे 'द ड्राइव्ह' आणि 'द फंबल' एवढंच म्हणतात. आजोबांसमोर मी ते शब्द उच्चारत नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे.

मग 1995 च्या नोव्हेंबरात मालक आर्ट मॉडेल यांनी संघ उचलून बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. गाव कोर्टात गेलं. तडजोड अशी निघाली, की खेळाडू जातील, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलँडकडे राहील. वाटणीत इतिहास हट्टाने मागून घेणारं हे जगातलं एकमेव गाव असावं. आणि इतिहास कुठला, तर वर सांगितला तो! तीन हंगाम गावाला संघच नव्हता. आजोबा म्हणतात, त्या तीन वर्षांत माझं वजन वाढलं, झोप सुधारली. 1999 मध्ये नवे ब्राउन्स मैदानात उतरले. तिकडे बाल्टिमोरला गेलेल्यांनी जानेवारी 2001 मध्ये सुपर बोल जिंकूनही टाकला.

नव्या ब्राउन्सनी तेव्हापासून क्वार्टरबॅक किती बदलले, तर चाळीसच्या वर. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून खेळ सुरू होतो तो, संघाचा कर्ता पुरुष. गावातल्या एका जाहिरात कंपनीच्या काचेत टिम काउच या सुरुवातीच्या क्वार्टरबॅकची जर्सी टांगलेली असायची आणि दर नव्या माणसाबरोबर जुन्याच्या नावावर काट मारून खाली नवं नाव चिकटवलं जायचं. ती पट्टी वाढत वाढत जर्सीच्या खाली लोंबायला लागली. 2022 मध्ये त्यांनी हा प्रश्न एकदाचा सोडवायचं ठरवलं आणि ह्यूस्टनकडून डेशॉन वॉटसनला आणलं. बदल्यात पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, दिले आणि वर 23 कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार. त्याच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप हा थट्टेचा विषय नाही, 11 सामन्यांची बंदी मात्र त्याला पहिल्याच हंगामात बसली. पुढच्या वर्षी खांद्याला दुखापत झाली. तेव्हा ब्राउन्सनी काय केलं, तर 38 वर्षांचा जो फ्लॅको घरी बसला होता, त्याला बोलावलं. हाच फ्लॅको, ज्याने बाल्टिमोरला पुढे दुसरा सुपर बोल मिळवून दिला होता. तो आला, ओळीने चार सामने जिंकला, संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, घेऊन गेला, आणि तिथे ह्यूस्टनकडून 45-14 असा मार खाल्ला. म्हणजे आमचे तीन ड्राफ्ट ज्यांच्या खिशात, त्यांच्याकडूनच. इतका चोख हिशोब बँकासुद्धा ठेवत नाहीत.

तरी मी त्यांना सज्जन म्हणतो, कारण ते वेळ खात नाहीत. मॅच बहुधा रविवारी दुपारी एकला. चारपर्यंत आम्ही हरून मोकळे. मग कोथिंबीर आणायला इंडियन स्टोअरमध्ये जाता येतं, मुलाचा गृहपाठ होतो, भारतात फोन करायला उशीर झालेला असतो एवढंच. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हंगाम संपल्यात जमा असतो, त्यामुळे मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तारीख ठरवताना ब्राउन्सची आडकाठी कधीच येत नाही. आमच्या कमिटीत बाकी सगळ्यांची येते.

2017 मध्ये तर त्यांनी कमालच केली. 16 सामने, 16 पराभव. आदल्या वर्षी एक जिंकला होता, तोही डाग धुऊन काढला. तर जानेवारी 2018 मध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, चाहत्यांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. मार्ग असा, की वरून बघितलं तर शून्याचा आकार दिसावा. हजारो लोक आले. कुत्र्याचे मुखवटे घातलेले, कारण कट्टर चाहत्यांचा इथे 'डॉग पाउंड' असतो आणि ती मंडळी मैदानात भुंकतात. शवपेट्या, थडगी, ढोल, सगळं होतं. गरिबांसाठी धान्यही गोळा केलं. मी कानटोपी घालून फुटपाथवर उभा होतो आणि मला राहून राहून लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक आठवत होती. तोच उत्साह, तेच घसे बसलेले, आणि जो तो एकमेकाला 'पुढच्या वर्षी' म्हणत होता. लवकर या, एवढंच कोणी म्हणत नव्हतं.

पुढच्या वर्षी पहिलाच सामना पिट्सबर्गशी 21-21 असा बरोबरीत सुटला. हरलो नाही याचा आनंद गावाला आवरेना. एका बिअर कंपनीने बारमध्ये कुलूपबंद फ्रिज ठेवले होते, ब्राउन्स जिंकले की आपोआप उघडणारे. सप्टेंबरात न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध ते उघडले. इतकं कमी मागणारं प्रेम आणि त्याची इतकी वेळेवर परतफेड, सांगा मला, दुसरीकडे कुठे मिळतं?

आता गुणी पोरं. बेसबॉलचा हंगाम 162 सामन्यांचा असतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. भांडी घासताना रेडिओवर, अंगणात कबाब भाजताना टीव्हीवर, गाडीत, सगळीकडे. संघ फार पैसेवाला नाही. खेळाडू हातातोंडाशी आले की श्रीमंत शहरं घेऊन जातात. होजे रामिरेझसारखा एखादा 2022 मध्ये बाजारभावापेक्षा कमी पैशात इथेच राहायचं कबूल करतो, मग त्याच्यावर जीव जडतो. जॉन अ‍ॅडम्स नावाचा गृहस्थ 1973 पासून लांबच्या बाकांवर बसून मोठा ढोल वाजवायचा, दशकानुदशकं. 2023 मध्ये तो गेला तेव्हा गावाने खरंच सुतक पाळलं. असं सगळं सुरेख चाललेलं असतं. पानं लाल होतात. संघ जिंकत असतो. आणि मग ऑक्टोबर उजाडतो.

यांचं शेवटचं अजिंक्यपद 1948 चं. इतका दीर्घ उपास बेसबॉलमध्ये आज दुसऱ्या कोणाचाही नाही. पण ते ब्राउन्ससारखे सरळ हरले असते तर मी एक शब्द बोललो नसतो. 1997 मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात दोन खेळाडू बाद व्हायचे राहिले होते, तिथून हरले. 2017 मध्ये ओळीने 22 सामने जिंकून अमेरिकन लीगचा विक्रम केला आणि यांकीजविरुद्ध 2-0 पुढे असताना पुढचे तिन्ही घालवले. 2025 मध्ये डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे होते. तिथून एवढी मजल मारून गट जिंकायचं बेसबॉलच्या इतिहासात कोणाला जमलं नव्हतं, ते यांनी केलं. दोन दिवस मी ऑफिसात ताठ मानेने फिरलो. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, घरच्या मैदानावर, समोर कोण? डेट्रॉइट. पुढचं लिहीत नाही.

पण सगळ्यात जिव्हारी लागली ती 2016 ची दिवाळी. तेव्हा संघाचं नाव इंडियन्स होतं. 2022 पासून ते गार्डियन्स झाले, गावातल्या जुन्या पुलावर वाहतुकीचे रक्षक म्हणून दगडी पुतळे उभे आहेत त्यांच्यावरून. त्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. जूनमध्ये बास्केटबॉलच्या कॅव्हेलियर्सनी 3-1 अशा पिछाडीवरून अजिंक्यपद आणलं होतं, गावाला 1964 नंतरचं पहिलं, त्यामुळे वातावरण भारलेलं. आई आधी चौकशा करायची. हे सारखे थुंकतात का? मारल्यावर बॅट टाकून का पळतो, मोडली तर भरून द्यावी लागत असेल ना? पण ऑक्टोबरपर्यंत ती पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेहरा बघून याला काढा असं सांगायला लागली आणि पुढच्या दोन चेंडूंत मॅनेजर खरंच उठायचा.

वर्ल्ड सिरीजमध्ये समोर शिकागो कब्ज, 1908 पासून उपाशी. नरकचतुर्दशीला आम्ही जिंकलो आणि 3-1 पुढे गेलो. सातातले चार जिंकायचे असतात, आता एकच हवा होता. आईने देवापुढे सव्वा डॉलर ठेवला. लक्ष्मीपूजनाला एका धावेने हरलो. ती म्हणाली, अमावास्याच ती, सोड. पाडव्याला सुटी. भाऊबीजेला पहिल्याच इनिंगमध्ये एक उंच उडालेला चेंडू आमच्या दोन खेळाडूंच्या मधोमध पडला. दोघेही 'तू घे, तू घे' करत राहिले. आई म्हणाली, आजच्या दिवशी एवढा समजूतदारपणा कशाला? 9-3 हरलो.

सातवा सामना बुधवारी रात्री. आठव्या इनिंगमध्ये तीन धावांनी मागे होतो, दोन बाद, एक धाव निघाली, आणि राजाय डेव्हिस खेळायला आला. हा बेस चोरण्यासाठी प्रसिद्ध, उंच मारण्यासाठी नाही. त्याने होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि दोन धावा. 6-6. आईने मला मिठी मारली, मी बायकोला, बायकोने मुलाला उठवून आणलं. कानठळ्या बसतील असा आरडाओरडा अख्ख्या गल्लीत. नववी इनिंग कोरी गेली आणि पाऊस आला.

17 मिनिटं खेळ थांबला. आईने तेवढ्यात दूध तापत ठेवलं, मुलाला थोपटून झोपवलं आणि मला म्हणाली, यांना गार हवेत बसवू नका म्हणावं, अंग आखडतं. आमच्यांनी काय केलं माहीत नाही, पण कब्जच्या खेळाडूंनी व्यायामशाळेत बैठक घेतली, एकमेकांना धीर दिला आणि येऊन दोन धावा काढल्या. आम्ही एक काढली. शेवटचा चेंडू उचलताना त्यांचा ब्रायंट ओल्या गवतावर घसरला, पण घसरतानाही हसत होता. 8-7. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या चुलतभावाचा 'शुभ दीपावली' असा मेसेज रात्री एकच्या सुमारास आला. त्याने तो नुसता शुभेच्छा म्हणून पाठवला असेल, असं बायको अजून म्हणते.

मुलगा आता मोठा झालाय आणि मध्यंतरी पिट्सबर्गच्या स्टीलर्सची जर्सी मागत होता. त्यांच्याकडे सहा सुपर बोल आहेत, दोन-अडीच तासांवर गाव आहे, देवळाला तर आपण तिथे जातोच, असा त्याचा युक्तिवाद. बायको म्हणाली, एका तरी माणसाला या घरात जिंकू दे. प्रकरण साताऱ्यापर्यंत गेलं. आई व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणाली, कुळाचार असा बदलता येत नाही रे बाळा. जर्सी राहिली.

यंदा आई परत येतेय. तिकीट काढायच्या आधी कालनिर्णय घेऊन बसली होती. 2016 ला दिवाळी ऑक्टोबरअखेर आली, तिथेच सगळं बिघडलं, असं तिचं निदान आहे. यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणजे दिवाळी नोव्हेंबरात गेली. वर्ल्ड सिरीज त्याआधी उरकते. अमावास्या मध्ये येतच नाही, पोरांना सांग निश्चिंत खेळा म्हणून.

'आणि ब्राउन्स?' मी विचारलं.

'त्यांना एक अधिक महिना पुरायचा नाही.'